पाडव्याचा संकल्प रेषेतून धरायचा आहे. चैत्रांगणाचा उपयोग करावा का?

जुळे_सोलापूरकर (प्रश्न)

नमस्कार. १९ मार्चला गुढीपाडवा आहे आणि त्या दिवशी शालिवाहन शके १९४८ सुरू होईल. दर पाडव्याला आपण मनाशी काही ना काही ठरवतो. यंदा ते वहीतल्या यादीत न ठेवता हाताने काढत, रंगवत, रोज थोडे पुढे नेत पाळावे, असा माझा विचार आहे आणि त्यासाठी येथील जाणत्या मंडळींचा सल्ला हवा आहे.

निमित्त घडले ते आठवीत शिकणाऱ्या मुलीमुळे. फेब्रुवारीत चिनी नववर्षाच्या सुमारास तिने कुठेतरी एक चित्रफीत पाहिली. जुन्या मासिकांतली चित्रे कापून एका कागदावर चिकटवायची, मध्यभागी वर्षभरासाठी निवडलेला एक शब्द मोठ्या अक्षरांत लिहायचा आणि तो कागद भिंतीवर लावायचा, अशी कृती त्यात दाखवली होती. कल्पना वाईट नाही, परंतु आपल्याकडे चैत्र लागला की चैत्रांगण, म्हणजे चैत्रगौरीसाठी दारापुढची चिन्हांची रांगोळी, काढण्याची चाल असताना उसनवारी कशाला, असे मला वाटले. माझी आई पंढरपूरच्या वाड्यात चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत रोज सकाळी ते काढत असे. सासूबाई मूळच्या विजयपूरच्या. त्यांचा हात ठिपक्यांच्या रांगोळीवर बसलेला आहे आणि चैत्रांगण त्यांना पाहून तेवढे माहीत आहे.

माझा संकल्प साधा आहे. सासूबाई मराठी उत्तम बोलतात, पण सुखदुःखाचे बोलणे बहिणींशी फोनवर कन्नडमधून होते आणि मला त्यातले निम्मेसुद्धा उमजत नाही. वर्षभरात त्यांच्याशी त्यांच्या भाषेत चार वाक्ये धड बोलता यावीत, एवढीच इच्छा आहे. आपल्या सोलापुरात अशी घरे पुष्कळ असल्याने याचे कुणाला नवल वाटू नये.

विचारायचे आहे ते असे. चैत्रांगणाच्या ठरलेल्या चिन्हांत आपले एखादे चिन्ह घालावे का? चैत्र सरल्यावर उरलेले वर्ष कशाच्या आधाराने धरावे? आणि फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी जागेचे काय करावे? आमच्याकडे अंगण नाही, जिन्यासमोरची फरशी रोज सकाळी पुसली जाते आणि नळाला पाणी काही दिवसांआड येत असल्याने सडा घालण्याची सोयच नाही.

फणी_करंडा

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टच देते: चैत्रांगणाच्या आत आपले चिन्ह घालू नये. हे सोवळेओवळे म्हणून सांगत नाही. चैत्रात गौर माहेरी येते आणि महिनाभर झोपाळ्यावर बसते, अशी आपली समजूत आहे. वर मखरात किंवा झोपाळ्यावर ती, दोन्ही अंगांना सूर्य आणि चंद्र, खाली शंख, चक्र, गदा, पद्म, स्वस्तिक, तुळशीवृंदावन, गोपद्मे, तिची पावले, नाग, कासव, हत्ती, आंब्याचे झाड, आणि शिवाय फणी, आरसा, करंडा. कुणी एकंदर ५१ चिन्हे सांगतात, कुणी ६४. घराघरांत फरक असतो आणि त्यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. मात्र सगळी मांडणी तिच्या सरबराईची आहे. माहेरवाशिणीसाठी वाढलेल्या ताटात आपली औषधाची गोळी ठेवू नये, तसे हे आहे. (आमच्या शेजारच्या मुलीने एकदा हत्तीशेजारी स्कूटर काढली होती. चित्र सुबक होते, पण गौरीला स्कूटर कशाला हवी?)

मग आपला संकल्प कुठे? चैत्रांगणाच्या बाहेरची चौकट पूर्ण केली की खाली वीतभर पट्टी मोकळी ठेवा. ती तुमची. त्या पट्टीत रोज आतल्या चिन्हांपैकी एकच चिन्ह पुन्हा काढा आणि त्याला सासूबाई काय म्हणतात ते त्यांच्याकडून ऐकून त्याखाली लिहा. महिन्याभरात जवळजवळ तीस शब्द हाताखालून जातील, आणि हातातून गेलेले सहसा विसरत नाही.

आता हाताबद्दल. रांगोळी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत धरतात आणि हात जमिनीपासून दोन बोटे वर ठेवतात. चिमूट आवळली की रेघ बारीक पडते, सैल केली की रुंद होते, आणि मध्येच थांबलात तर तिथे गाठ येते. म्हणून लांब रेघ श्वास रोखून न ओढता सोडत सोडत ओढावी. झोपाळ्याच्या साखळ्या हा खरा कस आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच कड्या पडल्या पाहिजेत, नाहीतर गौर एका बाजूला कलंडलेली दिसते. पहिला आठवडा नुसत्या साखळ्याच काढल्यात तरी चालेल. कासव सोपे आहे, मुलीला द्या. रांगोळी शिरगोळ्याची (मऊ पांढऱ्या दगडाच्या पुडीची), जरा भरडच घ्यावी. मधला मारुती भागात मिळते. फार वस्त्रगाळ असेल तर बोटांना चिकटते आणि रेघ तुटते.

एक गोष्ट मात्र पाळा: काल काढलेले आज पुसायचेच. चांगले जमले म्हणून ठेवून दिलेत की दुसऱ्या दिवशी हात उचलत नाही.

पत्ते_आणि_धोटा

वरच्या वहिनींनी चैत्राचे चांगले सांगितले आहे. उरलेल्या वर्षाचे मी सांगतो, कारण माझे आयुष्य चौकोन भरण्यात गेले. मी पूर्व भागात चादरींच्या कारखान्यांसाठी जॅकार्डची, म्हणजे विणतानाच कापडात नक्षी उतरवणाऱ्या यंत्राची, डिझाइने काढत असे. आता हे काम संगणकावर होते. आमच्या वेळी मोठ्या ग्राफ कागदावर पेन्सिल आणि ब्रशने व्हायचे. ग्राफमधला उभा रकाना म्हणजे ताण्याचा धागा आणि आडवी ओळ म्हणजे बाण्याची एक फेक. चौकोन भरला असेल तर त्या फेकीला तो धागा वर उचलायचा, मोकळा असेल तर खाली ठेवायचा. त्या ग्राफवरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोके पाडत, एका फेकीला एक पत्ता, आणि पत्त्यांची माळ यंत्रावर चढली की मागावर मोर उतरायचा. ग्राफ काढणाऱ्याला पूर्ण मोर कधी एका दिवसात दिसत नाही. त्याला आजची ओळ दिसते.

तर आपल्याला सुचवायचे ते असे. पाडव्याला एक ग्राफ कागद घ्या आणि तो इंग्रजी तारखांनी न आखता तिथींनी आखा. आडवे तीस चौकोन: शुद्ध पक्षाचे पंधरा, वद्य पक्षाचे पंधरा. अशा ओळी एरवी बारा लागतात, पण या वर्षी ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून, म्हणून ओळी तेरा. एकूण ३९० चौकोन झाले. पुढचा पाडवा ७ एप्रिल २०२७ ला आहे, म्हणजे वर्ष ३८४ दिवसांचे. आपल्या लक्षात आले असेल की चौकोन दिवसांपेक्षा सहा जास्त आहेत.

याचे कारण पंचांगात आहे. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. चंद्राची गती कमीजास्त होत असल्याने एखादी तिथी १९ तासांच्या आसपास आटोपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. सूर्योदयानंतर लागून दुसऱ्या सूर्योदयाआधी संपली तर तिचा क्षय आणि दोन सूर्योदय पाहिले तर तिची वृद्धी. ज्या तिथीचा क्षय, तिचा चौकोन आपोआप रिकामा राहतो. ज्या तिथीची वृद्धी, तिच्या चौकोनाला दोन दिवस मिळतात. क्षयाच्या तिथी जास्त असल्याने शेवटी सहाचा फरक उरतो. मला हे फार आवडते. इंग्रजी दिनदर्शिकेवर एक दिवस चुकला की पान डागाळल्यासारखे वाटते आणि माणूस पंधरा दिवसांत सोडून देतो. तिथींच्या ग्राफमध्ये मोकळे चौकोन कोष्टकातच आहेत, तुम्ही काही करा वा न करा. त्यामुळे मध्ये एखादा आपला मोकळा राहिला तर तो नजरेत खुपत नाही.

भरायचे कसे? ज्या दिवशी सासूबाईंशी कन्नडमध्ये एखादे वाक्य बोललात, त्या दिवशीचा चौकोन गडद. ज्या दिवशी नुसते ऐकलेत, त्या दिवशी फिका. त्याहून अधिक रंग घेऊ नका. आमचे उस्ताद सांगत की दोन रंगांत मोर काढता येत नसेल त्याला सहा रंगांतही येत नाही. अधिक ज्येष्ठाची ओळ वेगळ्या कामाला राखून ठेवता येईल. त्या महिन्यात नवे वाक्य शिकायचे नाही, मागचेच घोटायचे.

विहीर_पेठ

मला यातला सगळा बंदोबस्त जरा जास्त वाटतो. मुलीने मासिकांतली चित्रे चिकटवली असती तर काय बिघडले असते? उसनवारीचे इतके वावडे नको. चीनमध्ये वसंतोत्सवाला दाराच्या दोन्ही बाजूंना लाल कागदावर शाईने ओळी लिहून लावतात. जपानमध्ये २ जानेवारीला वर्षातले पहिले अक्षरलेखन करण्याची प्रथा आहे, तिला काकिझोमे म्हणतात. जपानने १८७३ मध्ये जुने चांद्र पंचांग सोडून इंग्रजी तारखा घेतल्या, तरी ही प्रथा नव्या तारखेवर आली आणि टिकली. जानेवारीच्या मध्याला ते कागद होळीत जाळतात, आणि जळता कागद जितका उंच उडेल तितके अक्षर सुधारेल असे मुलांना सांगतात. पुसायचेच, हा फणी_करंडा यांचा आग्रह आणि तिथले जाळणे यांत मला तर काही अंतर दिसत नाही.

माझी हरकत चिकटचित्राला नाही, त्यात काय चिकटवतात याला आहे. तिथे घर, गाडी, समुद्रकिनारा येतो. कुणीही आपण रोज काय करणार आहोत याचे चित्र चिकटवत नाही.

साखरपेठ_अक्का

आमचे घर तेलुगू आहे आणि पाडव्याच्याच दिवशी आमची युगादी असते. सोलापुरात एकाच जिन्यात एका दारावर गुढी आणि दुसऱ्या दारात आंब्याच्या पानांचे तोरण व मुग्गू, म्हणजे आमची रांगोळी, दिसतो, हे येथील सर्वांना ठाऊक आहेच. त्या दिवशी आम्ही पच्चडी करतो: नवी चिंच, गूळ, कैरी, कडुलिंबाची फुले, मीठ आणि मिरची. सहा चवी एकत्र घेऊन वर्षाला सुरुवात करायची.

विहीर_पेठ यांनी जे म्हटले आहे त्यावरून मला आमच्या घरी चालणारी गोष्ट सांगावीशी वाटते. पच्चडी खाऊन झाली की मुले आणि मी एका कागदावर सहा चौकोन काढतो आणि प्रत्येक चवीचे एक चित्र करतो. गुळाच्या चौकोनात काय काढायचे हे सगळ्यांना लगेच सुचते. कडुलिंबाच्या फुलाचा चौकोन मात्र दुपारपर्यंत मोकळा असतो, कारण त्यात या वर्षी जे जड जाणार आहे ते काढायचे असते. गेल्या वर्षी माझ्या धाकट्याने त्यात दहावीचे गणित न काढता स्वतःचे रिकामे अंथरूण काढले; मोठा भाऊ पुण्याला शिकायला जाणार होता आणि दोघे एका खोलीत झोपत. ते पाहिल्यावर आम्ही घरात काय ठरवायचे ते वेगळे ठरवले. दर रविवारी दोघांनी फोनवर बोलायचे, ही गोष्ट त्या चौकोनातून निघाली.

ताई, तुमच्या कन्नडच्या संकल्पात कडू काय आहे तेही काढून पाहा. माझा अंदाज असा की सुरुवातीला तुम्ही चुकीचे बोलाल आणि घरातले हसतील. ते हसणे आधीच चित्रात आले तर बरे. मला सोलापुरात मराठी बोलायला लागताना हे सगळे झाले आहे.

संध्यावंदन

संस्कृत शिकवण्यात आयुष्य गेले असल्याने एक भर घालतो. पूजेतला संकल्प ज्यांनी लक्ष देऊन ऐकला असेल त्यांना आठवेल की त्यात मागणे फार उशिरा येते. आधी स्थळ आणि काळ: दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे, शालिवाहन शके, संवत्सराचे नाव, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार. (यंदाचे संवत्सर पराभव, नावाला घाबरू नये, साठांचे चक्र आहे, कुणाच्या तरी वाट्याला ते येणारच.) त्यानंतर कर्त्याचे गोत्र आणि नाव, मग हेतू, आणि सर्वांत शेवटी जी कृती करायची ती, ‘करिष्ये’ म्हणून. मग हातातले पाणी सोडायचे. मला अमुक मिळो, एवढ्यावर वाक्य थांबत नाही. मी अमुक करीन, इथे ते पूर्ण होते.

तुमच्या पट्टीखाली किंवा ग्राफच्या कोपऱ्यात याच क्रमाने दोन ओळी मराठीत लिहा. सोलापूर, शके १९४८, चैत्र शुद्ध प्रतिपदा, गुरुवार, तुमचे नाव. सासूबाईंशी त्यांच्या भाषेत बोलता यावे म्हणून रोज दिवेलागणीनंतर त्यांच्याजवळ बसून एक चित्र काढीन आणि त्याचे नाव त्यांना विचारीन. वेळ आणि जागा लिहायला विसरू नका. बहुतेक संकल्प तिथेच पातळ होतात.

जुळे_सोलापूरकर

सर्वांचे मनापासून आभार. इतके नेमके उत्तर मिळेल असे वाटले नव्हते.

काल संध्याकाळी सासूबाईंना हा विचार सांगितला. त्या आधी हसल्या आणि मग स्वतःच पाटीवर खडूने हत्ती काढून ‘आने’ म्हणाल्या, कासव काढून ‘आमे’ म्हणाल्या, आणि माझ्याकडून दोन्ही म्हणवून घेतले. मी उलट म्हटले तेव्हा मुलगी लोळून हसली, तेव्हा साखरपेठ_अक्कांचा अंदाज पाडव्याच्या आधीच खरा ठरला. सासूबाईंनी मात्र एक अट घातली आहे. चैत्रांगण त्यांना मी शिकवायचे. त्यांच्या हाताला ठिपके लागतात, मोकळ्या हाताने गौरीचे तोंड काढायची त्यांना भीती वाटते. म्हणजे आता संकल्प एकट्या माझा राहिलेला नाही आणि पट्टीऐवजी कदाचित दोन पट्ट्या लागतील.

ग्राफ मी करणार आहे, तिथींचाच. मासिकांच्या कात्रणांनाही मुलीला परवानगी दिली आहे, फक्त त्यात करण्याच्या गोष्टी हव्यात असे सांगितले. अक्कांचे सहा चौकोन पाडव्याच्या दुपारी करू.

जागेचा प्रश्न तेवढा राहिला. गॅलरी तीन फूट रुंद आहे आणि त्यात वॉशिंग मशीन आहे. दिवेलागणीला काढायचे तर जिन्यात उजेडही पुरेसा नसतो. पाटावर मावेल का?

फणी_करंडा

पाटावर मावणार नाही, झोपाळ्याच्या साखळ्या आखडतील. सुताराकडून तीन फूट बाय दोन फूट प्लायचा तुकडा कापून घ्या, कडा घासून घ्या आणि त्यावर गेरूचे दोन हात द्या. नुसता पाण्यातला गेरू वाळल्यावर हाताला लागतो, म्हणून भिजवताना त्यात थोडा डिंक घाला. मात्र डिंक जास्त झाला तर पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि रांगोळी सरकते. पहिला हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. सडा नको, पाणी नको. काढून झाले की कोरड्या फडक्याने रांगोळी एका डब्यात झाडून घेता येते आणि दुसऱ्या दिवशी तीच वापरता येते. रात्री फळी उभी करून कपाटामागे सरकवली की झाले.

फळी जमिनीवर टेकवू नका, दोन विटांवर ठेवा. सासूबाईंच्या गुडघ्यांना ते सोयीचे पडेल आणि दोघींना समोरासमोर बसता येईल. तृतीया २१ तारखेला आहे, तेव्हा गेरू या शनिवार-रविवारीच लावून घ्या.

पत्ते_आणि_धोटा

ग्राफ कागदाचे राहिले होते. शाळेच्या प्रयोगवहीतला घेऊ नका, त्याचे चौकोन फार बारीक असतात. साध्या ड्रॉइंग पेपरवर पट्टीने एक सेंटिमीटरचे चौकोन आखा: तीस आडवे, तेरा उभे. कडेला प्रत्येक महिन्याचे नाव लिहा, चैत्र, वैशाख, मग अधिक ज्येष्ठ आणि त्यानंतर निज (म्हणजे नेहमीचा) ज्येष्ठ. क्षय आणि वृद्धीच्या तिथी पंचांगातून पाहून पाडव्यालाच पेन्सिलने खुणा करून ठेवा. एकदा वर्ष सुरू झाले की ते काम मागे पडते.

आणि फळीच्या तुकड्यासाठी नवी प्लाय विकत घ्यायची गरज नाही. सुताराकडे कपाटांच्या पाठीचे उरलेले तुकडे असतात, विचारून पाहा.